कुळाचा शोध, कुळांच्या खात्यातून: एका सुलिव्हन घराण्याचे प्रकरण

(कुटुंबाच्या संमतीने लिहिले आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले किंवा गाळले आहेत. आडनाव तेवढे ठेवले, कारण आयर्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला 'सुलिव्हन' म्हणून हाक मारली तर आपल्याकडे बाजारात 'ओ पाटील' म्हटल्यासारखे होते, दहा जण वळून बघतात.)

पार्श्वभूमी

माझी सून अमेरिकन, आयरिश कॅथलिक घरातली. तिची आई, म्हणजे आमच्या विहीणबाई, न्यू जर्सीत मुलाच्या घरापासून वीस मिनिटांवर राहतात. सूनबाई मला 'बाबा' म्हणते. ते माझे नावच आहे अशा समजुतीने विहीणबाईही मला बाबा म्हणू लागल्या, आणि आता ते दुरुस्त करायची वेळ टळून गेली आहे. मी भूमी अभिलेख खात्यातून चौतीस वर्षांनी निवृत्त झालो. सहा महिन्यांच्या मुक्कामाला गेलो की पहिला महिना नातवंडांत जातो, दुसऱ्या महिन्यापासून हात शिवशिवायला लागतात. हे ओळखून त्यांनी एक दिवस बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा माझ्यासमोर ठेवला.

डब्यातले कागद असे होते. बायबलातून सुटलेले एक पान, त्यावर सात मुलांचे जन्म. मूळपुरुषाच्या नागरिकत्वाचा १८६० सालचा दाखला. त्याच्या मृत्यूनंतर छापलेले प्रार्थनेचे कार्ड. एका म्हाताऱ्याचा फोटो, खाली कॉर्क शहरातल्या स्टुडिओचा छाप. आयर्लंडहून पुतण्याने पाठवलेल्या नोव्हेंबर १९११ च्या पत्राचे फक्त शेवटचे पान. पत्ता पहिल्या पानावर असणार, आणि ते गहाळ. शिवाय पासबुकाचे नुसते पुठ्ठ्याचे आवरण, आतली पाने गायब. त्यात विहीणबाईंच्या आईने बटणे ठेवली होती.

कागदांबरोबर घरात चालत आलेली एक गोष्टही होती: आपण कॉर्कचे, मूळपुरुष दुष्काळात एलिस बेटावर उतरला, तिथल्या साहेबाने 'ओ'सुलिव्हन'मधला 'ओ' कापून टाकला.

अडचण

गोष्टीतला अर्धा भाग तर पहिल्याच संध्याकाळी गळाला. आयर्लंडचा मोठा दुष्काळ १८४५ ते १८५२ चा. बटाट्यावर करपा पडला, सुमारे दहा लाख माणसे मेली, त्याहून जास्त परागंदा झाली. एलिस बेटावरचे स्थलांतर केंद्र उघडले ते १८९२ च्या १ जानेवारीला. त्याआधीचे न्यूयॉर्कचे केंद्र, कॅसल गार्डन, तेसुद्धा १८५५ चे. राहिला 'ओ'. तो कुण्या साहेबाने कापला नव्हता. इंग्रजी अमलात आयर्लंडमध्येच तो कित्येक पिढ्या आधी गळून पडला होता, आणि गावोगावच्या नोंदींत नुसते 'सुलिव्हन' लिहिलेले सापडते.

पण खरी अडचण दुसरीच होती. आयर्लंडमध्ये माणूस शोधायचा तर नाव पुरत नाही, ठिकाण लागते, आणि ठिकाण म्हणजे जिल्हा नव्हे. सगळ्यात लहान एकक 'टाउनलँड', आपल्या वाडीसारखे, साऱ्या बेटावर साठ हजारांहून जास्त. त्यांच्या वर पॅरिश (एका चर्चच्या हद्दीतली गावे), बॅरनी, मग काउंटी, म्हणजे आपला जिल्हा. अमेरिकेतले कागद मात्र 'आयर्लंड' एवढे लिहून थांबतात. १८६० च्या दाखल्यात मूळपुरुषाने ब्रिटनच्या राणीवरची निष्ठा सोडल्याचे लिहिले होते. कुठून आला, याबद्दल एक अक्षर नाही.

तिकडचे दप्तरही फाटके. १८६१ आणि १८७१ च्या जनगणनेचे कागद सरकारनेच नष्ट केले, १८८१ आणि १८९१ चे पहिल्या महायुद्धाच्या काळात लगद्यात गेले, आणि १८२१ ते १८५१ चे बहुतेक सगळे ३० जून १९२२ ला यादवी युद्धात डब्लिनच्या फोर कोर्ट्समधील दप्तरखान्याबरोबर जळाले. पूर्ण शिल्लक अशा जुन्या जनगणना १९०१ आणि १९११ च्या. जन्म-मृत्यूची सरकारी नोंद १८६४ पासून. आमचा माणूस जन्मला साधारण १८३२ ला. ज्याने दप्तर सांभाळण्यात आयुष्य काढले त्याला ही यादी वाचताना काय वाटले असेल, ते आमच्या खात्यातली माणसे समजतील.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय आयता होता. दुसऱ्या राज्यातल्या कुणा दूरच्या नातेवाइकाने वंशावळ इंटरनेटवर चढवून ठेवली होती. तीत मूळपुरुष कॉर्क शहरातल्या एका चर्चमध्ये १८३२ साली बाप्तिस्मा झालेला मुलगा म्हणून दाखवला होता. नाव जुळते, साल जुळते, घरची गोष्ट जुळते. विहीणबाईंनी ती छापून फ्रेमही करून ठेवली होती.

मुलगा म्हणाला, "बाबा, डीएनए करून टाकू, दोन महिन्यांत निकाल." विहीणबाईंना आपली थुंकी कंपनीकडे पाठवणे पसंत नव्हते. माझी हरकत वेगळी होती. जिथे पिढ्यान् पिढ्या आसपासच्या गावांतच सोयरिकी झाल्या, तिथे चुलते-मावसे ढिगाने निघतात, त्यावरून वाडी कळत नाही.

आयर्लंडमधल्या व्यावसायिक संशोधकाला काम द्यावे म्हणून एकाला विचारले. त्याने सभ्यपणे उलट विचारले की पॅरिश कोणते. तेच तर आम्हाला हवे होते.

चौथा मार्ग लांबचा होता. आयर्लंडचे नाव काढायचेच नाही. अमेरिकेतले कागद, तेही एकट्या मूळपुरुषाचे नाही तर त्याची बायको, साक्षीदार, शेजारी, सगळ्यांचे आधी उपसायचे. आम्ही हा घेतला. पण त्याआधी फ्रेममधल्या कॉर्कच्या मुलाचा निकाल लावणे भाग होते. नाहीतर पुढे दिसणारा प्रत्येक कागद आम्ही त्याच्याच मापाने बेतला असता.

काय केले

दावेदार खोटा ठरवायचा तर त्याच्या मागे जाऊन पुढे त्याचे काय झाले ते बघायचे. आयर्लंड सरकारच्या संकेतस्थळावर १८६४ नंतरच्या विवाहनोंदींच्या प्रतिमा फुकट बघता येतात, आणि त्यांत वर-वधूच्या वडिलांची नावेही असतात. कॉर्कचा मुलगा १८६६ साली त्याच शहरात बोहल्यावर चढताना सापडला. बापाचे नाव तेच, गल्लीही बाप्तिस्म्याच्या नोंदीतलीच. त्या वर्षी आमचा मूळपुरुष न्यूयॉर्कमध्ये तीन पोरांचा बाप होता. फ्रेम भिंतीवरून उतरली. विहीणबाई दोन दिवस गप्प होत्या.

मग न्यूयॉर्क राज्याची १८५५ ची जनगणना. तिच्यात एक छान रकाना आहे: या शहरात किती वर्षे राहता? आमच्या माणसापुढे '४'. म्हणजे आगमन १८५१ च्या सुमाराचे. वस्ती मॅनहॅटनच्या सहाव्या वॉर्डातली, फाइव्ह पॉइंट्सची, त्या काळी शहरातली सगळ्यात दाटीची आणि बदनाम. त्या वर्षाच्या जहाजांच्या याद्यांत त्याच नावाचे, जवळपास त्याच वयाचे अकरा जण निघाले. एकही निवडला नाही. यादीत नाव, वय, धंदा, देश एवढेच. त्यावरून निवड करणे म्हणजे चिठ्ठी उचलणे.

इथे महिनाभर गाडी अडली. सुटली ती बटणांमुळे. नातवाने बटणे ओतून पुठ्ठा उलटा केला, आणि पुसट अक्षरांत बँकेचे नाव दिसले: एमिग्रंट सेव्हिंग्ज बँक. खाली खाते क्रमांक.

ही बँक १८५० साली न्यूयॉर्कमधल्या आयरिश स्थलांतरितांसाठी निघाली. खातेदार बरेचसे निरक्षर, सही म्हणजे फुलीची खूण, आणि एका नावाचे शंभर. पैसे काढायला आलेला माणूस खराच खातेदार आहे हे कसे ओळखायचे? म्हणून खाते उघडताना त्याला घरच्या गोष्टी विचारून वहीत उतरवत: जन्म कुठल्या गावचा, कुठल्या जहाजाने कधी आलास, आईबाप हयात आहेत का, भावंडे कुठे, बायकोचे माहेरचे नाव काय. पुढे परीक्षा याच प्रश्नांची. आजच्या केवायसीचे खापरपणजोबाच म्हणा. या वह्या न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीकडे आहेत, आणि त्यांच्या प्रतिमा ज्या सशुल्क संकेतस्थळावर आहेत ते मुलाच्या गावच्या ग्रंथालयात फुकट बघायला मिळते.

१८५६ ची नोंद पाच ओळींची होती. काउंटी केरी, केनमेअरजवळचे टुओसिस्ट पॅरिश. आगमन मार्च १८५१. आई वारली, बाप टुओसिस्टमध्ये. एक भाऊ बापाजवळ, एक बहीण न्यूयॉर्कमध्ये. बायको हॅरिंग्टन. कॉर्कचा पत्ताच नाही! तो फक्त फोटोवरच्या छापातून घरात शिरला होता.

निर्णयाची जागा: दोन वाड्या

टुओसिस्ट बेआरा द्वीपकल्पावर, केनमेअरच्या खाडीच्या दक्षिणेला, मागे काहा डोंगर. तिथली हाती लागणारी चर्चची नोंदवही १८४० च्या दशकात सुरू होते, म्हणजे मूळपुरुषाचा बाप्तिस्मा सापडणार नाही हे उघड झाले. मग मी माझ्या ओळखीच्या दप्तराकडे वळलो.

१८४७ ते १८६४ दरम्यान साऱ्या आयर्लंडची करआकारणी झाली, तिला ग्रिफिथचे मूल्यांकन म्हणतात. जमीन वाहणारा कोण, कुणाकडून घेतली, घर आहे की नाही, क्षेत्र किती, आकार किती. पहिले पान उघडले आणि मला सातारच्या कार्यालयात बसल्यासारखे वाटले. क्षेत्र एकर, रूड, पर्चमध्ये. चार रूडांचा एकर, म्हणजे एक रूड म्हणजे बरोबर दहा गुंठे. विहीणबाई कॅल्क्युलेटर शोधत होत्या तोवर मी तोंडी सांगून मोकळा. नावापुढे कंसात बापाचे नाव पाहिल्यावर तर हसूच आले. एका वाडीत एकाच नावाचे दोन सुलिव्हन असले की ओळख पटायला बापाचे नाव जोडतात, आपण नावाच्या मध्ये घालतो तसे. आम्ही कुळ शोधत होतो आणि समोर यादी आली ती कुळांची.

त्या यादीत मूळपुरुषाच्या बापाच्या नावाची दोन कुळे निघाली. एक खाडीकाठच्या वाडीत, एक डोंगराकडच्या. कोणते आपले?

इथे मी चुकलो. आयरिश घरांत थोरल्या मुलाला बापाच्या बापाचे नाव, दुसऱ्याला आईच्या बापाचे, अशी रीत होती. आपल्याकडे नातवाला आजोबांचे नाव ठेवतात तशीच, फक्त जास्त काटेकोर. बायबलाच्या पानावरची मुलांची नावे या रिवाजात बसवली. खाडीकाठच्या कुळापुढे कंसात जे नाव होते, ते मूळपुरुषाच्या तिसऱ्या मुलाचे होते. मी म्हटले, पणजाचे नाव तिसऱ्याला ठेवले असणार, जमले. डब्लिनच्या मूल्यांकन कार्यालयाकडून त्या वाडीच्या पुढच्या दुरुस्ती-वह्यांच्या प्रती मागवल्या. पाच आठवडे गेले, पैसे गेले. वह्या आल्या तेव्हा ते कुळ १८५८ नंतर दिसेनासे झालेले, जमीन एका परक्या आडनावावर गेलेली. पत्र लिहिणारा पुतण्या तिथे कुठून येणार?

उत्तर डब्यात पहिल्या दिवसापासून होते. १९११ च्या पत्रात पुतण्याने लिहिले होते की म्हाताऱ्याला पेन्शन लागली आणि आता तो सगळ्यांवर हुकूम गाजवतो. विहीणबाईंनी ती ओळ मला दोनदा वाचून दाखवली होती. मी तिला घरगुती गप्पा समजून पुढे सरकलो होतो.

ब्रिटनमध्ये आणि आयर्लंडमध्ये सत्तरी गाठलेल्या गरिबांना पेन्शन मिळू लागली ती जानेवारी १९०९ पासून. पण आयर्लंडमधल्या सत्तरीच्या माणसाकडे जन्मदाखला कुठला, सरकारी नोंद तर १८६४ ची. म्हणून अर्जदार सांगायचा की १८४१ किंवा १८५१ च्या जनगणनेत माझे घर अमुक वाडीत होते, आईबापांची नावे ही. दप्तरखान्यातला कारकून ते मूळ कागद काढून वय पडताळायचा. मूळ जनगणना १९२२ ला जळाली, हे शोध-अर्ज मागे उरले. आयर्लंडच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने ते फुकट बघायला ठेवले आहेत.

मूळपुरुषाच्या भावाचा अर्ज १९११ च्या सुरुवातीचा निघाला. बापाचे नाव तेच, आईचे माहेरचे आडनाव दिलेले, वाडी डोंगराकडची, १८५१ ला वय १०. मग त्या वाडीच्या दुरुस्ती-वह्या मागवल्या. या वह्यांत जुने नाव खोडून नवे रंगीत शाईने लिहितात, आणि रंगावरून कोणत्या साली बदल झाला ते कळते. आमच्याकडे फेरफारावरून जमीन जशी हातोहात जाताना दिसते तशीच ती इथेही दिसली: बापाकडून धाकट्या मुलाकडे, त्याच्याकडून पत्रावर सही असलेल्या पुतण्याकडे. १९११ च्या जनगणनेत म्हातारा त्याच घरात सापडला. १९०१ ला त्याने वय ५५ सांगितले होते, १९११ ला ७१. दहा वर्षांत सोळा वर्षांनी म्हातारे होण्याची ही साथ पेन्शनमुळे तेव्हा आयर्लंडभर होती.

निष्पत्ती

वाडी ठरली, बाप ठरला, आईचे माहेर कळले, भावाची शाखा पुतण्यापर्यंत जोडली गेली. बँकेची वही, शोध-अर्ज, जमिनीच्या वह्या आणि पत्र हे चार कागद वेगवेगळ्या माणसांनी वेगवेगळ्या कारणांसाठी लिहिलेले, आणि चारही एकाच घराकडे बोट दाखवतात. बाप्तिस्म्याची नोंद नाही, तरी मी वंशावळीत शाई वापरली ती या आधारावर.

एका ठिकाणी मात्र आमचे वाजले. टुओसिस्टची जमीन लॅन्सडाउनच्या मार्क्विसच्या इस्टेटीची. इस्टेटीचा कारभारी विल्यम स्ट्युअर्ट ट्रेंच याने हिशेब मांडला की केनमेअरच्या वर्कहाउसमधली (निराधारांना ठेवायच्या सरकारी आश्रयगृहातली) उपाशी कुळे पोसत बसण्यापेक्षा जहाजाचे भाडे भरून त्यांना अमेरिकेला लावून दिलेले स्वस्त पडेल. त्याच्याच लिखाणानुसार वर्षभराहून थोड्या अधिक काळात साडेतीन हजार माणसे गेली. सुरुवात १८५१ च्या आरंभी झाली, आणि त्यांतली पुष्कळ फाइव्ह पॉइंट्समध्येच जाऊन राहिली. मूळपुरुष मार्च १८५१ चा, वस्तीही तीच. विहीणबाईंना वंशावळीखाली लिहायचे होते की जमीनदाराने त्याला हाकलले. मी म्हटले, तारीख जुळते, गाव जुळते, पण भाडे कुणी भरले त्याचा कागद नाही, आणि या घराची जमीन तर हातची गेलेलीही नव्हती. बरीच घासाघीस होऊन 'बहुधा इस्टेटीच्या खर्चाने' असे पेन्सिलीने लिहिले. याच मार्क्विसचा नातू १८८८ ते १८९४ हिंदुस्थानचा व्हाइसरॉय होता, हे मी सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "म्हणजे बाबा, आपले दोघांचे साहेब एकच."

पुन्हा केले तर

डब्यातला प्रत्येक कागद, प्रत्येक ओळ, पुठ्ठा आणि बटणे धरून, पहिल्या आठवड्यातच उतरवून काढीन, आणि प्रत्येक ओळीपुढे लिहीन की यात सरकारशी किंवा बँकेशी कुठे संबंध आला. पेन्शन, पासबुक, दाखला: जिथे पैसा वा हक्क आहे तिथे कुणीतरी ओळख विचारलेली असते. हे मला नोकरीने शिकवले होते, तरी परक्या देशात मी ते विसरलो.

नावांच्या रिवाजावरून पुरावा उभा करणार नाही. जुळलेल्या वाडीची खात्री करायला तो चालेल, वाडी निवडायला नाही. वह्यांच्या प्रती मागवण्याआधी १९०१ आणि १९११ ची जनगणना दोन्ही वाड्यांत चाळायला हवी होती. ती फुकट आहे, एका दुपारचे काम. पाच आठवडे वाचले असते.

कॉर्कच्या दावेदाराला आधी निकालात काढले ते मात्र पुन्हा तसेच करीन, विहीणबाई कितीही रुसल्या तरी.

न्यूयॉर्कमधली बहीण राहिली आहे. लग्नानंतर तिचे आडनाव काय झाले ते बँकेच्या कारकुनाने लिहिलेले नाही. बायबलाच्या पानावर दोन मुलांच्या नावांपुढे बाप्तिस्म्याच्या साक्षीदार म्हणून एकच बाई आहे, आडनाव मर्फी. सहाव्या वॉर्डातल्या मर्फींची यादी करायला विहीणबाई बसल्या आहेत. परवा फोनवर म्हणाल्या की दोनशेच्या पुढे गेली.